आज रोख, उद्या उधार

ज्याच्या फोनमध्ये चौदा हजार फोटो आहेत आणि घरातल्या भिंतीवर एकही नाही, त्या माणसाने माझ्या छंदाबद्दल बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मी आजवर तीन लग्नांत, एका मुंजीत आणि सोसायटीच्या दोन वार्षिक सभांत मांडलेलं आहे. सभांत ते विषयपत्रिकेवर नव्हतं. पण आमच्या सभेत विषयपत्रिकेवरच्या विषयावर कोणी बोलल्याचं मला आठवत नाही. एवढं करूनही लोकांचं बोलणं थांबत नाही, म्हणून आता लेखी देतो. आम्हा बँकवाल्यांचा लेखीवर फार विश्वास.

तर माझा छंद असा. मी झटपट फोटोच्या कॅमेऱ्याने फोटो काढतो. म्हणजे बटण दाबलं की कॅमेऱ्याच्या डोक्यातून घर्रर्र करत एक पांढरी चौकट बाहेर येते. सुरुवातीला तिच्यात काहीच नसतं. मग घाटातल्या धुक्यातून एस.टी. यावी तसा आधी एखादा गडद ठिपका, मग केस, मग चष्मा आणि दीड-दोन मिनिटांत सबंध माणूस समोर येऊन उभा राहतो. लोक याला सरसकट 'पोलरॉईड' म्हणतात. कुठल्याही वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणावं तसं. माझा कॅमेरा खरं म्हणजे फुजीफिल्मच्या इन्स्टॅक्स जातीचा. ही जात १९९८ साली बाजारात आली. तिच्या लहान फोटोचं कार्ड ८६ बाय ५४ मिलिमीटरचं, म्हणजे जवळजवळ एटीएम कार्डाच्याच मापाचं. पाकिटात त्याच्या शेजारच्या कप्प्यात बरोब्बर बसतं. फरक इतकाच की, महिनाअखेरीस एटीएम कार्ड बाहेर काढून उपयोग नसतो. फोटो केव्हाही काढून बघता येतो.

विरोधी पक्षनेते म्हणजे आमचे मेहुणे. ते संगणकाच्या क्षेत्रात आहेत, त्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूबद्दल 'हे आता फोनवर होतं' असं सांगण्याचा त्यांना परवाना मिळालेला आहे. माझा कॅमेरा दिसला की त्यांचे चार आक्षेप ठरलेले. एक, हे महाग आहे. दोन, फोटो धूसर येतात. तीन, एकच प्रत निघते. चार, याचा जमाना गेला. चारही मी शांतपणे ऐकून घेतो, कारण ते सौ.चे बंधू आहेत. पण उत्तरं माझ्याकडे पूर्वीपासून तयार आहेत.

पहिला आक्षेप पैशाचा. "भाऊजी, एका फोटोला पन्नासच्या वर रुपये जातात तुमचे! माझे बघा, फुकट!" मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. 'फुकट' हा शब्द ऐकला की आमच्या कानात धोक्याची घंटा वाजते. मेहुण्यांचा फोन सत्तर हजारांचा, तोही हप्त्यांवर. त्यात फोटो मावेनासे झाले म्हणून ते 'क्लाऊड'वर ठेवायचे, त्याला दरमहा भाडं. म्हणजे स्वतःचीच मुलंबाळं ढगात ठेवायची आणि वर ढगाला भाडं भरायचं! भाडं थकलं तर काय होतं, असं मी एकदा विचारलं. तेव्हापासून ते माझ्याशी दोन दिवस बोलत नव्हते, म्हणजे उत्तर मला कळलं.

आणि या फुकट फोटोंत असतं काय? मिसळीचे सात फोटो. तर्री गार होईपर्यंत काढलेले. पार्किंगमधल्या खांबाचा एक, गाडी कुठे लावली ते आठवावं म्हणून. विजेच्या बिलाचे दोन. चुकून काढलेला स्वतःच्या गुडघ्याचा एक. बाकी उरलेल्यांत एकाच क्षणाचे सव्वीस. त्यांतला चांगला कोणता ते नंतर निवडू, असं म्हणून ठेवलेले. हे 'नंतर' कुणाच्याही आयुष्यात येत नाही. माझ्या पाकिटात फोटो दहाच निघतात. दहाच आहेत म्हटल्यावर माणूस कॅमेऱ्यासमोर सावरून उभा राहतो. आजोबा टोपी नीट करतात, काकू कपाळावरची बट मागे घेतात, रुसलेला पुतण्या ऐन वेळी का होईना पण चौकटीत येतो. स्वस्ताईने जे होत नाही ते टंचाईने होतं. रेशनच्या साखरेचा चहा ज्यांनी प्यायलेला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरा आक्षेप धूसरपणाचा. मान्य. माझ्या फोटोत मिशीचे केस मोजता येत नाहीत. पण मोजायचेत कुणाला? एका विशिष्ट वयानंतर थोडा धूसरपणा हा दोष नसून उपकार असतो. उलट फोनचं बघा. तो फोटो काढतो आणि न विचारता दुरुस्तही करतो. आमच्या आत्याबाईंचा एक फोटो मेहुण्यांनी काढला. त्यात त्यांच्या गालावरची सत्तर वर्षांची सगळी वळणं फोनने परस्पर इस्त्री करून टाकली. आत्याबाई फोटो बघून म्हणाल्या, "ही कोण रे?" खाडाखोड केलेला चेक आम्ही काउंटरवर घेत नाही, मग खाडाखोड केलेला चेहरा का म्हणून घ्यावा? माझ्या फोटोत जे होतं ते येतं. जरा पिवळं येतं, जरा फिकं येतं, पण ते आत्याबाईंचंच असतं.

त्यात जादू नाही, रसायन आहे. पोलरॉईडच्या पांढऱ्या चौकटीची खालची पट्टी बाकीच्या तिन्हींपेक्षा जाड का असते, हे कधी मनात आलंय? ती शोभेसाठी नसते. तिच्या आत रसायनाची एक बारीकशी पुडी असते. फोटो बाहेर येताना कॅमेऱ्यातले दोन रूळ लाटण्यासारखे तिच्यावरून फिरतात, पुडी फुटते आणि रसायन सगळीकडे सारखं पसरतं. थोडक्यात, सबंध डार्करूम त्या पट्टीत बसवलेली असते. आमच्या वन बी.एच.के.तही एवढी काटकसर साधलेली नाही. आणि मंडळी, फोटो बाहेर आला की तो पंख्यासारखा हलवू नका. जुन्या काळी वरचा कागद सोलून काढायचे फोटो असत, ते ओलसर असायचे म्हणून लोक वाळवायला हलवत. ती सवय पुढे राहिली. २००३ साली आउटकास्ट नावाच्या अमेरिकन जोडगोळीच्या 'हे या' गाण्यात पोलरॉईडसारखं हलवण्याची आज्ञा निघाली आणि ते गाणं जगभर वाजलं. शेवटी कंपनीला सांगावं लागलं की, बाबांनो, फोटो हलवू नका, बिघडेल. आमच्याकडे हे सांगण्याचं काम सौ. करते. तिचा आवाज त्या गाण्यापेक्षा लांब जातो.

आता चौथा आक्षेप आधी घेतो. तिसऱ्याला जरा निवांत बसायचं आहे. जमाना गेला! जमाना गेला की नाही हे ठरवण्यापूर्वी तो आला कसा ते बघू.

१९४३ साली एडविन लँड नावाचे अमेरिकन गृहस्थ सांता फे गावी सुट्टीवर गेले होते. त्यांनी तीन वर्षांच्या लेकीचा फोटो काढला. लेक म्हणाली, तो मला आत्ता का नाही बघता येत? आमच्या लहानपणी कुणी असा प्रश्न विचारला असता तर 'रोल संपू दे आधी' एवढंच उत्तर मिळालं असतं. छत्तीस फोटोंचा रोल आमच्या घरी गणपतीत भरला जाई आणि पुढल्या गणपतीपर्यंत पुरवला जाई. माझ्या मावसभावाच्या बारशाचे फोटो धुऊन आले तेव्हा 'मी पाहू, मी पाहू' म्हणत ते ओढायला तो स्वतःच पुढे होता. लँडसाहेबांनी मात्र मुलीचा प्रश्न मनावर घेतला. ते फिरायला गेले आणि तासाभरात कॅमेरा, फिल्म, रसायन यांचा सगळा मेळ डोक्यात जमला, असं ते पुढे सांगत. हार्वर्डची पदवी न घेता बाहेर पडलेला माणूस. पण नावावर पाचशेहून अधिक पेटंटं. आम्ही पदवी घेतली आणि आमच्या नावावर गृहकर्ज आहे.

२१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्कला शास्त्रज्ञांच्या सभेत लँडनी हा चमत्कार करून दाखवला. २६ नोव्हेंबर १९४८ ला बोस्टनच्या जॉर्डन मार्श या दुकानात पहिले ५७ कॅमेरे विक्रीला ठेवले. नाताळपर्यंत पुरतील असा अंदाज होता. त्याच दिवशी सगळे संपले. १९७२ मध्ये 'एसएक्स-७०' आला. घडी घालून कोटाच्या खिशात ठेवायचा, बटण दाबायचं, बाकी सगळं तो करणार. मग जे सगळ्या चांगल्या चाललेल्या दुकानांचं होतं तेच झालं. समोर दुसरं दुकान निघालं. ज्या कोडॅककडून पोलरॉईड पूर्वी फिल्मचा माल बनवून घेत असे, त्याच कोडॅकने १९७६ साली स्वतःचा झटपट कॅमेरा काढला. प्रकरण कोर्टात गेलं. दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, कोडॅकला हा धंदा बंद करावा लागला आणि १९९१ मध्ये ९२ कोटी ५० लाख डॉलर मोजावे लागले. आमच्या गावाकडचे बांधाचे खटले याहून जास्त चालतात, पण रक्कम एवढी नसते.

मग डिजिटल आलं. २००१ साली पोलरॉईडचं दिवाळं निघालं. २००८ साली फिल्म बनवणं बंद करत असल्याचं जाहीर झालं. मेहुणे म्हणतात ते इथवर अगदी खरं आहे. पण त्यांनी खातेउतारा २००८ लाच बंद केला, पुढची पानं उलटलीच नाहीत. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या एन्शेडे गावचा शेवटचा कारखाना मोडीत निघत असताना काही वेड्या लोकांनी तिथली यंत्रं विकत घेतली. जुनी रसायनं पुरवणारे आता उरले नव्हते, त्यामुळे त्यांना फिल्मचा फॉर्म्युला जवळजवळ नव्याने शोधावा लागला. उपक्रमाचं नावच त्यांनी 'अशक्य' ठेवलं, इम्पॉसिबल प्रोजेक्ट. २०१० मध्ये त्यांची फिल्म बाजारात आली. सुरुवातीला ती उन्हाला लाजायची, रंगांशी तिचं जमत नसे. पण लोकांनी घेतली. सुधारत गेली आणि २०२० साली त्या कंपनीने पोलरॉईड हेच नाव पुन्हा लावलं. इकडे फुजीफिल्मने २०२५ साली सांगितलं की, इन्स्टॅक्सचे कॅमेरे आणि छोटे प्रिंटर मिळून विक्री दहा कोटींवर गेली. ज्याचा जमाना गेला ते दहा कोटी खपतं, आणि ज्याचा जमाना आहे तो मेहुण्यांचा फोन दर दोन वर्षांनी जुना होतो. आता बोला.

पण खपाचा आकडा हा काही युक्तिवाद नव्हे. गुटखाही खपतो. लोक हा कॅमेरा का घेतात, याचं उत्तर मेहुण्यांच्या तिसऱ्या आक्षेपात दडलेलं आहे. एकच प्रत निघते. तोच तर मुद्दा आहे, राव!

माझ्या लहानपणी किराणा दुकानात एक पाटी असे. 'आज रोख, उद्या उधार.' दुसऱ्या दिवशी गेलं तरी पाटी तीच. फोनने काढलेला प्रत्येक फोटो हा उधारीचा व्यवहार असतो. कार्य संपतं, निघताना कुणीतरी म्हणतं, "तो ग्रुप फोटो पाठव हं." फोनवाला म्हणतो, "पाठवतो हं." मराठी भाषेत 'पाठवतो हं' याच्याइतकं बुडीत आश्वासन दुसरं नाही. 'एकदा निवांत भेटू या' हेही त्यामानाने वसूल होतं. ज्यांच्याकडे फोन आहे, ग्रुप आहे, आठवण करून देण्याची सोय आहे, त्यांची ही अवस्था. मग ज्यांच्याकडे यातलं काही नाही त्यांचं काय?

आमच्याकडे पोळ्या करायला एक मावशी येतात. त्यांचे फोटो आमच्या घरातल्या तिघांच्या फोनमध्ये मिळून बरेच असतील. दिवाळीला साडी देताना काढलेले, कन्येच्या वाढदिवसाला केक भरवताना काढलेले. त्यातला एकही त्यांच्या घरी नाही. कारण त्यांचा फोन बटणांचा. गेल्या वर्षी मी त्यांचा झटपट फोटो काढला आणि कार्ड त्यांच्या हातात ठेवलं. चित्र उमटायला लागलं तसा त्यांनी पदराला हात पुसला आणि कार्ड कडेने धरलं. पूर्ण उमटल्यावर माझ्याकडे परत द्यायला लागल्या. म्हटलं, "तुमचाच आहे." "म्हंजी घरी न्यू?" असं त्यांनी दोनदा विचारलं. तो फोटो आता त्यांच्या आरशाच्या कडेला खोचलेला आहे. माझ्याकडे त्याची प्रत नाही. नसणारच. आपण बोलताना म्हणतो फोटो 'काढला', इंग्रजीत तर म्हणतात 'घेतला'. फोटो 'दिला' असं म्हणता येईल असं यंत्र मला हेच एक माहीत आहे.

आता मेहुण्यांचं कौतुक ऐका. मी कधीमधी घरातल्या कुणाला असा फोटो देतो, तर हे लगबगीने पुढे येतात आणि त्या फोटोचा फोनने फोटो काढतात. "असू द्या भाऊजी, सेफ राहील." कुठे राहील? पार्किंगच्या खांबाशेजारी!

सुरक्षित म्हणजे काय, याचा मला काउंटरवर आलेला अनुभव सांगतो. खातेदार वारला की घरचे लोक क्लेमचे कागद घेऊन येतात. मृत्यूचा दाखला, वारसाचं ओळखपत्र, सगळं तपासून घ्यायचं. कागद झाले की एखादा माणूस घुटमळतो. मग हळूच विचारतो, "साहेब, आईचा फोटो असेल का तुमच्याकडे? खातं उघडताना दिलेला?" असं विचारणारे मला एकाहून अधिक भेटले आहेत. त्यातल्या एकाच्या हातात चांगला भारी फोन होता. त्यात आठ-नऊ हजार फोटो होते. त्याने मला त्यातली आईही दाखवली. एका फोटोत ती चहाचा ट्रे घेऊन कडेला, अर्धी कापली गेलेली. एकात नातवाच्या मागे, तिचं डोकं केकच्या मेणबत्तीआड. एकात नुसता बांगड्यांचा हात, वाढताना. तिला एकटीला समोर उभं करून कुणी म्हटलंच नव्हतं की, आई, इकडे बघ. फोटो कधीही काढता येतो ना! जे कधीही करता येतं ते करायचं राहून जातं.

फॉर्मवरचा फोटो आम्हाला काढून देता येत नाही. तो दप्तराचा भाग असतो. त्याने मग आईच्या पासबुकावरचा फोटो मोठा करून घेतला. पासबुकावर फोटो चिकटवला की त्याच्या कडेवर बँकेचा गोल शिक्का मारायची पद्धत आहे. निम्मा कागदावर, निम्मा फोटोवर. त्या घरात भिंतीवर आज हार घातलेली जी आई आहे, तिच्या खांद्यावर शाखेच्या शिक्क्याची जांभळी अर्धगोल कड आहे. नऊ हजार फोटोंच्या घरात भिंतीवर लावायला मिळाला तो आमच्या शिक्क्याचा! यावर विनोद करायचा म्हटलं तरी मला जमत नाही.

पासबुक या शब्दावरून एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मी एकतर्फी लिहिल्याचा ठपका येईल. झटपट फोटो नेहमीच कुणाच्या आनंदासाठी निघाला असं नाही. वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांना एक पासबुक सतत जवळ बाळगावं लागे. कुठे राहायचं, कुठे काम करायचं, कुठे फिरायचं, सगळं त्यात. ते जवळ नसेल तर अटक. १९७० साली पोलरॉईडमध्येच काम करणाऱ्या दोघांना, कॅरोलिन हंटर या रसायनतज्ज्ञ बाईंना आणि केन विल्यम्स या छायाचित्रकाराला, पत्ता लागला की त्या पासबुकांतले फोटो काढायला आपल्या कंपनीचंच साहित्य वापरलं जातं. त्यांनी कंपनीविरुद्ध आघाडी उघडली, बहिष्काराची हाक दिली. हंटरबाईंची १९७१ मध्ये नोकरी गेली. पण १९७७ साली कंपनीला तिथून अंग काढून घ्यावं लागलं. आज हप्ते फेडणाऱ्या आम्हा नोकरदारांनी या बाईंना मनातल्या मनात का होईना, उभं राहून नमस्कार करावा.

मेहुणे म्हणतील, बघा, तुमचा कॅमेरा असा! मी म्हणेन, हीच तर माझी बाजू आहे. त्या पासबुकातला फोटो माणसाच्या खिशात असला तरी तो त्याचा नव्हता. तो सरकारचा होता. प्रश्न फोटो लवकर निघाला की उशिरा, हा नाहीच. निघाल्यावर तो कुणाचा झाला, हा आहे. यंत्र तेच. मावशींच्या आरशात खोचलेला फोटो मावशींचा. आणि आज आपण उठता बसता जे फोटो काढतो, ते कुणाचे? ज्याचे काढले त्याचे तर नाहीतच; काढणाऱ्याचेही म्हणवत नाही. भाडं थकलं की कळेल.

ही भूक काही परदेशातून आलेली नाही. जयपूरला हवामहालाच्या परिसरात लाकडी खोक्याचा कॅमेरा मांडून बसणारे फोटोवाले असत. खोक्याच्या आतच अंधारात हात घालून कागद धुवायचा, आधी उलटा फोटो, मग त्याचाच पुन्हा फोटो काढून सुलटा, आणि तो ओला फोटो गिऱ्हाइकाच्या हातात. मुंबईत गेटवे ऑफ इंडियापाशी आजही फोटोवाले गळ्यात कॅमेरा आणि पाठीवरच्या बॅगेत प्रिंटर घेऊन फिरतात. 'फोटोग्राफ' हा २०१९ सालचा रितेश बत्रांचा चित्रपट अशाच एका फोटोवाल्यावर आहे. समोर ताजमहाल हॉटेल, मागे समुद्र, आणि प्रत्येकाच्या खिशात फोन असताना गावाहून आलेलं जोडपं पैसे मोजून कागदावरचा फोटो घेतं. ते अडाणी आहेत म्हणून नव्हे. गावी गेल्यावर हातात देऊन दाखवायला काहीतरी लागतं, म्हणून.

आता या छंदातल्या बनावट नोटांबद्दल दोन शब्द. फोनमधल्या फोटोला आपोआप पांढरी चौकट लावणारी ॲप्स निघाली आहेत. खालची पट्टी जाड, आत पुडी नाही! उंबरठा आहे पण घर नाही. दुसरा प्रकार म्हणजे आधी पडद्यावर फोटो बघा, आवडला तरच छापा, असे नवे कॅमेरे. म्हणजे पुन्हा सव्वीस काढणं आलं, निवडणं आलं, आणि 'नंतर' आलं. निदान ते शेवटी कागद हातात देतात म्हणून मी त्यांना माफ करतो. पण नुसती चौकट लावणाऱ्यांना नाही.

माझ्या कॅमेऱ्याची खोट मी लपवत नाही. हे फोटो सतत उन्हात ठेवले तर रंग उडतात. कार्ड भिजवू नये, दुमडू नये. फिल्म महाग आहे आणि दहा संपल्या की संपल्या. ऐन वरमाला पडताना पाकीट रिकामं निघण्याची शक्यता असते. पण वस्तू झिजते कारण ती असते. जी नसतेच ती झिजणार कशी?

तेव्हा माझी मागणी मोठी नाही. फोन फेकून द्या असं मी म्हणत नाही. विजेच्या बिलाचा फोटो कशाने काढणार? सगळ्यांनी माझ्यासारखाच कॅमेरा घ्यावा असंही नाही. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जाऊन फोनमधला फोटो कागदावर काढून आणला तरी मला चालेल. फक्त शंभर उधारीचे काढलेत तर एक रोखीचा द्या. ज्याचा काढला त्याच्या हातात. बी.कॉम.ला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की, प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. एकीकडे जमा, तर दुसरीकडे नावे. फोनवाल्यांच्या वहीत सगळं जमाच जमा आहे. अशी वही घेऊन कुणी काउंटरवर आलं तर आम्ही त्याला ऑडिटरकडे पाठवतो.

आज रात्री जेवणं झाली की एक यादी करा. वॉचमन, पोळ्यावाल्या मावशी, गावचे काका, शेजारच्या आजी. ज्यांना ज्यांना 'पाठवतो हं' म्हणून ठेवलंय ते सगळे. आणि यादीत पहिलं नाव आईचं घाला, कारण तिने आजवर मागितलेला नाही. व्याज मी लावत नाही. निदान मुद्दल तरी फेडा.